तीन ट्रान्झिस्टरचा रेडिओ: सांगली काही लागेना

उद्यमनगरचा टर्नर

राम राम मंडळी. मी लेथवरचा माणूस. शतांश मिलिमीटर कळतो, पण वीज म्हटलं की मोटारीच्या स्टार्टरपुढं आमची गाडी जात नाही. तरी गेले तीन रविवार एक खूळ घेऊन बसलोय. सुट्या ट्रान्झिस्टरचा मीडियम वेव्ह रेडिओ करायचा. आयसी चिप नको, तयार किट नको.

कारण आमचे आबा. वय ८१. त्यांच्या लेखी रेडिओ म्हणजे आकाशवाणीचं सांगली केंद्र. जुना सेट गेला, म्हणून मोबाइलवर कोल्हापूरचं एफएम १०२.७ लावून दिलं, तर म्हणाले, "ह्ये नव्हं, सांगली लाव." शेजारच्या काकूंच्या सेटवर १२५१ किलोहर्ट्झला सांगली येते, ते आधी कानानं ऐकून आलोय. म्हणजे स्टेशन हाय, खोट माझ्या कामात हाय.

काय केलंय ते सांगतो. भंगारातनं एक फेराइट रॉड (रेडिओतली अँटेनाची काळी कांडी) मिळाला, करंगळीएवढा जाड, अर्धी वीत लांब. तार मोटार रिवाइंडिंगवाल्या दोस्ताकडची, बारीक इनॅमलची. कागदी नळी लेथच्या चकमध्ये धरून, बॅक गिअर टाकून, म्हणजे अगदी हळू फिरवत, ११० वेटोळी घेतली. एकाला एक चिकटून, मधे केस जाणार नाही! शेजारी ८ वेटोळ्यांची छोटी कॉइल. तिचं एक टोक पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसला (सिग्नल आत जातो तो पाय), दुसरं ०.०१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवरून मायनसला. गँग (स्टेशन लावायचा फिरता कपॅसिटर) प्लास्टिकची, जुन्या पॉकेट रेडिओतली. पहिला ट्रान्झिस्टर बीएफ ४९४, मग डायोड ४१४८, पुढं दोन बीसी ५४७. ९ व्होल्टची बॅटरी, शेवटी मोबाइलचा इयरफोन.

दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या बेसला बोट लावलं की कानात भुर्रर्र होतं. पण गँग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली तरी नुसती सूंऽऽ. पोरगा नववीत हाय, तो लांबनं बघून हसतोय.

शाहूपुरीकर

भावा, एवढा कुटाणा कशाला? तयार रेडिओ आणून दे की आबांना.

उद्यमनगरचा टर्नर

भावा, तयार नट पण मिळतो. म्हणून आम्ही लेथ विकायचा का?

जुना रेडिओवाला

गड्या, तू चालू ठेव. मी पन्नास वर्षं सेट उघडलेत. रेडिओचं लायसन पोस्टातनं काढावं लागायचं, तेव्हापासून. तुझ्या लिहिण्यातच निम्मं निदान आहे. बोट लावल्यावर भुर्रर्र होतं म्हणजे दुसरा आणि तिसरा ट्रान्झिस्टर ठणठणीत. रोग पहिल्यात, नाहीतर कॉइलमध्ये.

आता मला सांग, बीएफ ४९४ चे पाय तू बीसी ५४७ सारखेच लावलेस ना? बहुतेक सगळे तेच करतात. सपाट बाजू आपल्याकडं, पाय खाली, असं धरलं की ५४७ ला डावीकडनं कलेक्टर, बेस, एमिटर. ४९४ ला कलेक्टर, एमिटर, बेस. दिसायला जुळे भाऊ, पण मधला पाय वेगळा. माझ्या उमेदवारीच्या काळात याच चुकीपायी मी एका गिऱ्हाइकाचा सेट आठ दिवस दुकानात ठेवला होता आणि "पार्ट मुंबईहून यायचाय" म्हणून थाप मारली होती.

मीटर लाव. पहिल्याच्या कलेक्टरवर किती, बेसवर किती, ते कळव. बायसला, म्हणजे बेसला व्होल्टेज देणाऱ्या रेझिस्टरला, किती ओहम घातलेत तेही सांग.

दुसरं, तारेची टोकं ब्लेडनं खरवडलीस का? इनॅमल तसंच ठेवून शाई लावल्यासारखं सोल्डर लावलं तर वरनं चकचकीत दिसतं, आत जोड नसतो.

आणि तो ४१४८ काढ. तो सिलिकॉनचा, त्याचा उंबरा, म्हणजे चालू व्हायला लागणारा व्होल्टेज, अर्ध्या व्होल्टाच्या वर. सांगलीचा बारका सिग्नल त्या उंबऱ्यालाच अडखळतो. ओए ७९ किंवा १एन ३४ बघ, जर्मेनियमचा. उंबरा पाव व्होल्टाच्या आसपास. जुन्या ट्रान्झिस्टर सेटच्या बोर्डावर काचेच्या नळीतला सापडतो. उतरवताना पायाला चिमटा धर, उष्णतेनं लगेच मरतो.

उद्यमनगरचा टर्नर

काका, टोकं खरवडली होती, आमचा धंदाच तो. कलेक्टर ते बेस १ मेग, कलेक्टर ते प्लस ४.७ के (४७०० ओहम). मीटर लावला: कलेक्टर ८.९ व्होल्ट, बेस ६.४.

जुना रेडिओवाला

झालं! सापडला चोर. चालू ट्रान्झिस्टरच्या बेसवर एमिटरपेक्षा ०.६ च्या आसपास जास्त दिसतं. तुला ६.४ दिसतात म्हणजे ते जंक्शन उलटं बसलंय आणि झेनर डायोडसारखं (ठरावीक व्होल्टला उलटं वाहणारं) वागतंय. ट्रान्झिस्टर करंटच घेत नाही, म्हणून कलेक्टरवर जवळजवळ अख्खी बॅटरी. मधला आणि उजवा पाय अदलाबदल कर. १ मेग म्हणजे १० लाख ओहम मधे होते, म्हणून बहुतेक वाचला असेल. कलेक्टर साधारण निम्म्यावर, ४-५ व्होल्टवर आला की पहिला जिवंत झाला समज.

खरं तर मीडियम वेव्हला तिथंही बीसी ५४७ चालला असता. ४९४ हवाच असं काही नाही.

उद्यमनगरचा टर्नर

पाय बदलले. कलेक्टर ४.६, बेस ०.६४. डायोडही बदलला. आता कानात जीव आलाय. रात्री गँग मिटलेल्या बाजूला दोन-तीन स्टेशनं कुजबुजतात. पण सांगली नाही! गँग पूर्ण उघडली की लांबून कुणीतरी बोलतंय असं वाटतं, आणि तिथंच खुंटी संपते.

सागरमाळची

काका, मी शिकतेय अजून, पण हे गणित मला येतं. तुमची ११० वेटोळी जास्त झालीत. अशा रॉडवर ७० च्या आसपास पुरतात. इंडक्टन्स, म्हणजे गँगच्या जोडीनं स्टेशन ठरवणारा कॉइलचा गुण, वेटोळ्यांच्या वर्गानं वाढतो: ११० भागिले ७० म्हणजे १.५७, त्याचा वर्ग जवळजवळ अडीच. समजा ७० वेटोळ्यांना ३३० मायक्रोहेन्री धरले, तर १२५१ ला ४९ पीएफ (पिकोफॅरड, कपॅसिटरचं माप) लागतात. तुमच्या कॉइलला लागतील फक्त २०. गँग पूर्ण उघडली तरी तिचे आणि वायरिंगचे मिळून त्याहून जास्तच राहतात. म्हणून सांगली तुमच्या पट्टीच्या बाहेर पडलीय.

तोडण्याआधी कॉइलची नळी रॉडच्या टोकाकडं सरकवून बघा. इंडक्टन्स कमी होतो. आवाज वाढला तर माझं बरोबर.

जुना रेडिओवाला

पोरगी बरोबर बोलतेय. आम्हाला गणित येत नव्हतं, आम्ही नळी सरकवूनच सेट लावायचो आणि मग मेणानं चिकटवायचो.

रॉड कसा धरलायस? टोक सांगलीकडं केलंस तर काही मिळणार नाही. सांगली आपल्याला पूर्वेला, जराशी उत्तरेकडं झुकलेली. रॉड तिला आडवा हवा, म्हणजे ढोबळमानानं दक्षिणोत्तर. आणि तो इयरफोन ३२ ओहमचा असणार. जॅकची दोन्ही कानांना सामायिक असलेली मायनसची वायर सोडून दे, डावी-उजवी तेवढी वापर. दोन्ही सिरीजमध्ये येऊन ६४ होतात, तिसऱ्या ट्रान्झिस्टरला तेवढंच हलकं.

उद्यमनगरचा टर्नर

नळी टोकाला नेली आणि सांगली आली!

मग जीव मुठीत धरून एवढ्या देखण्या वाइंडिंगची ३८ वेटोळी सोडली. उरली ७२. आता सांगली गँगच्या शेवटाला न जाता अलीकडंच लागते. रॉड खिडकीच्या चौकटीला समांतर ठेवला की आवाज भरतो, वळवला की पार नाहीसा होतो. पोराला ते एवढं आवडलं की तासभर नुसता रॉडच फिरवत बसला. स्वयंपाकघरातला एलईडी बल्ब लावला की मात्र भुंगा शिरतो, त्यामुळं बायकोला सकाळी अंधारात चहा करायला लावलाय. ते प्रकरण वेगळं चाललंय.

सकाळी एक बोंडूक आबांच्या कानात घातलं, एक माझ्या. आबांनी डोळे मिटले. बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाईचा आवाज बारीक झालाय."

आता स्पीकर लावायचाय. त्याला जुना आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागेल ना, काका? कोल्हापुरात कुठं मिळेल ते सांगा. घाई नाही, कारण कालपासून आबा इयरफोन परत देईनात, टेस्टिंग बंद हाय.

जुना रेडिओवाला

माझ्या माळ्यावर डबाभर पडलेत. रविवारी ये. येताना चार बोल्ट करून आण, पाव इंची, माझ्या टेबलाचा पाय हलतोय.