क्लबला खरोखरच मोठे स्टेडियम हवे आहे का?

उत्तर स्टँड
मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबाने मार्च २०२५ मध्ये जाहीर केलेल्या एक लाख आसनांच्या स्टेडियमविषयी लिहिताना ‘ताळेबंद’ यांनी (येथे आम्ही सर्वच टोपणनावाने लिहितो) दोन विधाने केली आहेत. साठ हजारांहून कमी आसने असलेला क्लब आपणहून दुसऱ्या रांगेत जाऊन बसतो, हे पहिले. आणि जुन्या मैदानाला कवटाळून बसणारे समर्थकच क्लबचे नुकसान करतात, हे दुसरे. पहिले विधान मी वाचून सोडून दिले असते. दुसऱ्याने मला दोन दिवस स्वस्थ बसू दिले नाही, म्हणून हे सविस्तर उत्तर.

युव्हेंटसने काय केले ते पाहा. १९९०च्या विश्वचषकासाठी बांधलेल्या देले आल्पी स्टेडियमची क्षमता सुमारे ६९,००० होती, पण मैदान आणि प्रेक्षक यांच्यामध्ये धावण्याचा ट्रॅक होता, त्यामुळे मागच्या रांगांतून खेळाडू ओळखणेही कठीण जाई. २००१-०२ च्या हंगामात इटालियन चषकाच्या एका सामन्याला तेथे अवघे २३७ प्रेक्षक होते. इटलीतील सर्वांत लोकप्रिय क्लबाची ही अवस्था होती! शेवटी क्लबाने ते स्टेडियम पाडले आणि त्याच जागेवर सुमारे ४१,००० आसनांचे, म्हणजे मुद्दाम लहान, स्टेडियम बांधून २०११ मध्ये खुले केले. पहिल्याच हंगामात संघ एकही लीग सामना न हरता विजेता ठरला आणि त्या विजेतेपदासह सलग नऊ विजेतेपदे त्याने मिळवली. ही सर्व विजेतेपदे स्टेडियममुळे आली असे मी म्हणत नाही. परंतु लहान स्टेडियमने त्या क्लबाला दुसऱ्या रांगेत बसवले नाही, एवढे तरी मान्य व्हायला हवे.

आता डार्लिंग्टन. इंग्लंडच्या चौथ्या श्रेणीतील, दोन-चार हजार प्रेक्षकांच्या या क्लबासाठी मालक जॉर्ज रेनॉल्ड्स यांनी २५,००० आसनांचे स्टेडियम बांधले. ते २००३ मध्ये सुरू झाले आणि त्याच वर्षअखेरीस क्लब दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेला. २०१२ मध्ये क्लबाला ते स्टेडियम सोडावे लागले. ज्या समर्थकांना आपण नुकसान करणारे म्हणता, त्यांनीच वर्गणी काढून नव्या नावाने तो क्लब खालच्या श्रेणीतून पुन्हा उभा केला.

ताळेबंद
आपण दोन टोकांची उदाहरणे निवडली आहेत. डार्लिंग्टनचे स्टेडियम ही एका मालकाची हौस होती. तिच्यावरून कोणताही नियम काढता येत नाही. युव्हेंटसच्या बाबतीत आपण मुख्य गोष्ट बाजूला ठेवली. देले आल्पी नगरपालिकेचे होते, नवे स्टेडियम क्लबाचे स्वतःचे आहे. सामन्याच्या दिवसाचा सगळा पैसा आपल्या तिजोरीत येणे हा त्यातला खरा बदल होता. आकार कमी केला म्हणून ते सुधारले, असे म्हणणे अपुरे आहे.

लंडनच्या आर्सेनलचे पाहा. हायबरी या त्याच्या जुन्या मैदानात सुमारे ३८,००० प्रेक्षक मावत आणि दर सामन्याला हजारो लोक बाहेर राहत. २००६ मध्ये क्लब साठ हजारांच्या स्टेडियमात गेला. कर्ज फेडताना चांगले खेळाडू विकावे लागले आणि २००५ ते २०१४ या काळात एकही चषक मिळाला नाही, हे मी लपवत नाही. तरीही आज तो क्लब ज्या खेळाडूंना पगार देऊ शकतो, त्यांना हायबरीच्या उत्पन्नावर ठेवता आले असते असे मला कोणी आकडे मांडून दाखवावे. शिवाय प्रीमियर लीग या इंग्लंडमधील सर्वोच्च श्रेणीच्या आर्थिक नियमांत स्टेडियमवरचा खर्च मोजला जात नाही. खेळाडूंवर उधळलेला पैसा नियमांत अडकतो, विटांवर घातलेला अडकत नाही. दूरदृष्टीच्या क्लबाने काय करावे, हे यातून पुरेसे स्पष्ट होते.

मधली फळी
ताळेबंद यांचा हिशेब वरच्या सात-आठ क्लबांपुरता खरा आहे. बोर्नमथचे मैदान सुमारे ११,००० प्रेक्षकांचे आहे आणि तरीही तो क्लब प्रीमियर लीगमध्ये टिकून आहे, कारण तेथील उत्पन्नाचा मोठा वाटा दूरचित्रवाणीच्या हक्कांतून येतो. ब्रेंटफर्डने २०२० मध्ये नवे स्टेडियम बांधले तेव्हा सुमारे १७,००० आसनांवर थांबण्याचा संयम दाखवला. श्रेणी घसरली तरी भरेल एवढेच बांधावे, हा साधा व्यवहार आहे.

म्युनिकच्या १८६० या क्लबाचीही आठवण करून देतो. त्याच शहरातल्या बायर्न या क्लबाच्या बरोबरीने त्याने आलियान्झ अरेना या नव्या स्टेडियमात अर्धी भागीदारी घेतली. स्टेडियम २००५ मध्ये सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी पैशांअभावी आपला हिस्सा बायर्नलाच विकण्याची वेळ त्याच्यावर आली. नंतर अनेक वर्षे आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या घरात भाडेकरू म्हणून खेळून २०१७ मध्ये हा क्लब जुन्या, लहान मैदानात परतला.

पश्चिम दरवाजा
येथे सर्वजण क्लबाच्या तिजोरीविषयी बोलत आहेत. आत जागाच न मिळालेल्या माणसाविषयी कोणी बोलत नाही, म्हणून मी लिहितो आहे.

मी माझ्या क्लबाच्या सीझन तिकिटाच्या, म्हणजे हंगामभराच्या तिकिटाच्या, प्रतीक्षा यादीत नऊ वर्षे होतो. नाव घातले तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती. तिला पहिल्या सामन्याला खांद्यावर बसवून न्यायचे असे मी ठरवले होते. क्रमांक लागला तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि तिला फुटबॉलमध्ये रस उरला नव्हता. जुने मैदान जपा, वातावरण जपा, असे सांगणारे बहुतेक लोक आत बसलेले असतात. आपली जागा पक्की असताना दुसऱ्याला थांबायला सांगणे फार सोपे असते. लिव्हरपूलने आपले अ‍ॅनफील्ड मैदान सोडले नाही, पण तेथील मुख्य स्टँड आणि मग अ‍ॅनफील्ड रोडकडील स्टँड वाढवून क्षमता सुमारे ६१,००० वर नेली, आणि त्या वाढीव जागांवर आज माझ्यासारखीच माणसे बसलेली असतात. त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार की स्टेडियम मोठे करायला नको होते?

आणखी एक. माझ्या शेजारच्या दोन जागा निम्म्या सामन्यांना रिकाम्या असतात. ज्यांच्या नावावर ती तिकिटे आहेत ते फक्त मोठ्या प्रतिस्पर्ध्याच्या वेळी येतात. क्लब मात्र तिकीट विकले म्हणजे प्रेक्षक आला असे धरून उपस्थिती जाहीर करतो. नऊ वर्षे बाहेर उभ्या राहिलेल्या माणसाला त्या दोन रिकाम्या खुर्च्या पाहून काय वाटते, हे मी शब्दांत सांगू शकत नाही.

उत्तर स्टँड
पश्चिम दरवाजा, आपल्या मुलीविषयी वाचून वाईट वाटले. पण आपलाच दुसरा परिच्छेद माझी बाजू मांडतो. न येणाऱ्यांची तिकिटे काढून घेतली, तर एक वीटही न रचता जागा निर्माण होतील.

आता माझी गोष्ट. आमच्या क्लबाने भर वस्तीतले मैदान विकले आणि महामार्गालगत मोठे स्टेडियम बांधले. जुन्या मैदानापर्यंत वडील घरून चालत जात, वाटेत चार मित्र सामील होत आणि सामना संपल्यावर त्याच क्रमाने एकेक जण आपापल्या गल्लीत वळे. नव्या ठिकाणी स्थानकापासून चाळीस मिनिटे चालावे लागते. वडिलांनी दोन हंगाम प्रयत्न केला आणि मग सीझन तिकीट परत केले. क्लबाच्या हिशेबात त्या दिवशी प्रेक्षकसंख्या वाढलेलीच होती. जुन्या मैदानाला कवटाळणारा समर्थक म्हणून ताळेबंद ज्याला दोष देतात, तो माझ्या घरातला माणूस आहे.

जुनी पायरी
आसने वाढवा किंवा वाढवू नका, एवढ्यावरच हा वाद का अडला आहे? आसनच का हवे? जर्मनीतील डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडमध्ये सुमारे २५,००० माणसे उभी राहतात. पूर्वी युरोपीय सामन्यांसाठी तेथे खुर्च्या बसवाव्या लागत, तेव्हा स्टेडियमची एकूण क्षमता ८१,००० वरून ६६,००० च्या आसपास उतरत असे. त्याच काँक्रीटवर पंधरा हजार माणसांचा फरक पडत होता, आणि उभ्याची तिकिटेच सर्वांत स्वस्त असतात. तरुणांना परवडेल, आवाज परतेल आणि नवे स्टेडियम बांधावेही लागणार नाही.

ताळेबंद
हा उपाय जर्मनीत चालतो, इंग्लंडमध्ये नाही. तेथे जानेवारी २०२२ पासून काही क्लबांना उभ्याच्या जागांचा परवाना मिळू लागला, पण अट अशी की एका आसनामागे एकच माणूस उभा राहील. वातावरण सुधारेल, क्षमता एकानेही वाढणार नाही. आणि मुळात १९८९ मध्ये उभ्या गर्दीनेच काय घडवले, हे लक्षात ठेवून या विषयावर लिहावे.

जुनी पायरी
आपले शेवटचे वाक्य मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा संताप आला. हिल्सबरो स्टेडियममधली ती दुर्घटना ‘उभ्या गर्दीने’ घडवली नाही. १५ एप्रिल १९८९ रोजी पोलिसांच्या आदेशाने बाहेरचे दार उघडण्यात आले, आतला बोगदा बंद केला गेला नाही, आणि आधीच भरलेल्या मधल्या कुंपणबंद भागांत आणखी माणसे लोटली गेली. समोर जाळी होती, पळायला वाट नव्हती. ९७ माणसे गेली. त्याच वर्षी न्यायमूर्ती टेलर यांच्या अंतरिम अहवालाने गर्दीच्या नियंत्रणातील पोलिसांच्या अपयशावर बोट ठेवले, आणि २०१६ मध्ये ज्यूरीने प्रेक्षकांचा दोष नसल्याचे स्पष्ट सांगितले. मेलेल्या माणसांवर ठपका ठेवणारी भाषा त्यांच्या कुटुंबांनी सत्तावीस वर्षे लढून खोडून काढली आहे. तीच भाषा आपण एका स्टेडियमच्या चर्चेत सहज वापरता?

ताळेबंद
मी मृतांना दोष दिलेला नाही. परंतु माझे वाक्य तसे वाचता येते, हे आता दिसते आहे. ‘उभ्या गर्दीनेच घडवले’ हे शब्द मी मागे घेतो.

तरीही मी ते का लिहिले, हे सांगणे भाग आहे. चौदा वर्षांचा असताना मी उभ्याच्या स्टँडमध्ये होतो. गोल झाला, मागून लाट आली आणि माझे पाय जमिनीवरून सुटले. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण छाती दाबली गेल्यामुळे ओरडताही येत नव्हते. एका अनोळखी माणसाने माझी कॉलर धरून मला कठड्यावर ओढले. त्या दिवसापासून मी बसूनच सामना पाहतो, आणि माझ्या मुलाला मी उभ्याच्या स्टँडमध्ये कधीही पाठवणार नाही. आपले आकडे बरोबर असतील. माझे हे मत त्यांनी बदलणार नाही.

जुनी पायरी
आपण शब्द मागे घेतलेत, ते पुरेसे आहे. आपण सांगितलेली भीती मीही अनुभवली आहे. म्हणूनच मी जुन्या उघड्या पायऱ्या परत मागत नाही. प्रत्येक रांगेपुढे कठडा, मोजून दिलेली तिकिटे आणि कुंपण नाही, अशी रचना मला हवी आहे. अशा रचनेत मागची लाट पुढच्या रांगेवर कोसळू शकत नाही. इंग्लंडमधील एकास एक ही अट मात्र मी विसरलो होतो. तेवढ्यापुरते आपण बरोबर आहात.

मधली फळी
उभे की बसलेले यात आपण किती लांब गेलो ते पाहा. मूळ प्रश्नाकडे येतो. वेस्ट हॅमचे उदाहरण कोणी घेतले नाही, याचे आश्चर्य वाटते. १९०४ पासूनचे, ३५,००० प्रेक्षकांचे मैदान सोडून तो क्लब २०१६ मध्ये ऑलिम्पिकसाठी बांधलेल्या साठ हजारांच्या स्टेडियमात ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर गेला. तिकिटे खपली, पण प्रेक्षक मैदानापासून दूर बसले, आणि मार्च २०१८ मध्ये बर्नलीविरुद्धच्या सामन्यात संतापलेले समर्थक थेट मैदानात उतरले. २०२३ मध्ये त्याच क्लबाने कॉन्फरन्स लीग हा युरोपीय चषक जिंकला, हेही खरे. म्हणजे दोन्ही बाजूंना आपापला पुरावा तेथे सापडेल. माझ्या मते मूळ दोष आकाराचा नव्हता. धावपटूंसाठी आखलेल्या वाडग्यात फुटबॉल बसवला गेला, आणि तो वाडगा क्लबाच्या मालकीचाही नव्हता.

स्पेनमधील व्हॅलेन्सियाचे तर अजून निराळे. नव्या स्टेडियमचे काम २००७ मध्ये सुरू झाले, २००९ मध्ये पैसे संपून थांबले आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाले. सोळा वर्षे तो काँक्रीटचा सांगाडा उघड्यावर उभा होता आणि संघ मेस्ताल्या या जुन्याच मैदानात खेळत राहिला. जुने विकून नव्याचे पैसे फेडायचे, हा हिशेब जमिनीचे भाव कोसळताच असा अंगाशी येतो.

ताळेबंद
व्हॅलेन्सियाविषयी माझ्याकडे उत्तर नाही. साठ हजारांचा आकडा मी सरसकट द्यायला नको होता, हेही मान्य करतो, पण नाइलाजाने. ज्या क्लबाची प्रतीक्षा यादी खरी आहे, मैदान स्वतःचे आहे आणि कर्ज खालच्या श्रेणीतही फेडता येईल एवढेच आहे, त्याने वाढ केलीच पाहिजे, या मतावर मी ठाम आहे.

उत्तर स्टँड
या तीन अटी आपण पहिल्याच दिवशी लिहिल्या असत्या, तर मी उत्तर लिहिलेच नसते. त्यांत चौथी घाला: स्टेडियम शक्यतो आहे तेथेच वाढवावे, आणि हलवणे अटळ असेल तर जुन्या मैदानाचे काय करणार ते आधी जाहीर करावे. एव्हर्टन २०२५ मध्ये गोदीवरच्या नव्या स्टेडियमात गेला, पण १८९२ पासूनचे गुडिसन पार्क पाडण्याऐवजी आपल्या महिला संघाला दिले. असे झाले असते, तर माझे वडील आजही चालत सामन्याला गेले असते. संघ कोणता, हा प्रश्न त्यांनी विचारला नसता.

पश्चिम दरवाजा
पाचवी अट माझी. वाढवलेल्या जागांपैकी किती जागा प्रतीक्षा यादीतल्या माणसाला जुन्या दराने मिळतील आणि किती श्रीमंतांच्या काचेच्या खोल्यांत जातील, हे काम सुरू होण्यापूर्वी लेखी द्यावे. ताळेबंद, आपल्या हिशेबात ही अट बसते का, ते सांगा.

ताळेबंद
पूर्णपणे बसत नाही. कर्ज काचेच्या खोल्यांतूनच फिटते. पण एक संपूर्ण स्टँड जुन्या दराने राखून ठेवता येईल, आणि तो बहुधा गोलमागचा असेल.

जुनी पायरी
तो स्टँड उभ्याचा असू द्या.