खंडग्रास सूर्यग्रहण: १० स्टॉपचा एनडी फिल्टर लावून फोटो काढले तर चालतील का?

पायवाट
नमस्कार मंडळी, खंडग्रास ग्रहण येतंय आणि या वेळी नुसतं बघायचं नाही, फोटोपण काढायचे असं ठरवलंय. क्रॉप सेन्सरवाला (म्हणजे लहान सेन्सरचा) साधा डीएसएलआर आहे, ५५-२५० ची लेन्स आणि ट्रायपॉड. धबधब्यांसाठी घेतलेला १० स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची, उजेड कमी करणारी काळी काच) पडून आहे, तो इतका काळाकुट्ट आहे की त्यातून खोलीतलं काहीसुद्धा दिसत नाही, मग सूर्यालाही पुरेल ना? आणि ग्रहण बघायचे चष्मे आहेत घरात, ते घालून व्ह्यूफाइंडरमधून बघितलं तर डोळ्यांचंही काम झालं, असा माझा हिशोब. सोबत आठ वर्षांची लेक असणार, तिच्या हातात काय द्यायचं तेही सुचवा. २५० मिमीत सूर्य किती मोठा येईल?

तिरपा_उजेड
थांबा थांबा! दोन्ही हिशोब रद्द करा आधी.

एका स्टॉपला उजेड निम्मा होतो, तेव्हा १० स्टॉप म्हणजे उजेडाचा साधारण हजारावा भाग आत येतो. सूर्यासाठी लागतो लाखावा भाग, म्हणजे साडेसोळा स्टॉपच्या आसपास. आणि डोळ्याला काळा दिसतो म्हणून फिल्टर सेफ असं नसतंच, बरेच एनडी फिल्टर दिसणारा उजेड अडवतात आणि इन्फ्रारेड (डोळ्याला न दिसणारे किरण) बिनदिक्कत आत सोडतात.

चष्मा घालून व्ह्यूफाइंडर तर त्याहून वाईट. तो चष्मा (आयएसओ १२३१२-२ हे ग्रहणचष्म्यांचं सुरक्षा मानक छापलेला असला तरी) नुसत्या डोळ्यांनी बघण्यासाठी केलेला असतो. लेन्सने गोळा करून आणलेलं ऊन त्याच्या फिल्मवर पडलं तर फिल्म जळू शकते, आणि तिच्यामागे तुमचा डोळा. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, त्यामुळे तेव्हा काहीच जाणवत नाही, काही तासांनी नजरेच्या मधोमध डाग दिसायला लागतो तेव्हा कळतं. त्यामुळे फिल्टर लेन्सच्या पुढेच लागला पाहिजे, मागे काहीही लावून उपयोग नाही.

सोलर फिल्मचा कागद मिळतो, घनता ५ वाला (लाखावा भागच आत सोडणारा) घ्या. ३.८ वालाही असतो पण तो फक्त कॅमेऱ्यासाठी, त्यातून डोळ्यांनी बघायचं नाही. जाड कार्डपेपरची पट्टी लेन्सच्या तोंडाभोवती गुंडाळून टोपीसारखी रिंग करा, फिल्म दोन रिंगांच्या मध्ये चिकटवा. ताणून डमरूसारखी घट्ट बसवायचा मोह होतो पण तसं करू नका, ताणल्यावर चित्र बिघडतं, थोड्या सुरकुत्या राहिल्या तरी चालतात. झाल्यावर दिव्यासमोर धरून एखादं बारीक भोक नाही ना ते बघा आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वरून टेप मारा.

जुना_खेळाडू
एवढं कशाला, आम्ही तर लहानपणी एक्सरेच्या फिल्मचे दोन थर धरून बघायचो, काही झालं नाही.

तिरपा_उजेड
@जुना_खेळाडू नशीब म्हणायचं. एक्सरे फिल्म कुठे गडद कुठे फिकी, शिवाय इन्फ्रारेडचा प्रश्न तोच. कृपया इथे सुचवू नका, कोणीतरी खरंच करून बघेल. वेल्डिंगची काच हवीच असेल तर १४ नंबरची, त्याहून फिकी नको.

सेन्सरवरची_धूळ
फोटोचं मी सांगतो. सेन्सरवर सूर्य किती मोठा येणार ते काढायला फोकल लेंथला १०९ ने भागा. २५० ला साधारण २.३ मिमी. ऐकायला चिमुकला वाटतो पण २४ मेगापिक्सलच्या क्रॉप सेन्सरवर तो सहाशेएक पिक्सल रुंद असतो, क्रॉप केला की कोर मस्त दिसते.

कॅमेऱ्यावर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ ८, शटर १/५०० पासून सुरू करा आणि शटर थोडं कमी-जास्त करून दोन्ही बाजूंना दोन-तीन फोटो जास्तीचे घ्या. अर्धा सूर्य झाकला म्हणून एक्स्पोजर वाढवायचं नसतं, हे बऱ्याच जणांना पटत नाही. उरलेला तुकडा तितकाच प्रखर असतो, फक्त तो लहान झालेला असतो. फार बारीक कोर उरली तर थोडं वाढवा, कारण बिंबाची कड मुळातच मधल्या भागापेक्षा मंद असते. आणि ढग आला तर अर्थात वाढवा, पण फिल्टर काढू नका, ढग कधी सरकेल सांगता येत नाही.

ऑटोफोकस बंद, लाइव्ह व्ह्यू मोठा करून बिंबाच्या कडेवर फोकस करा, एखादा सौरडाग सापडला तर सोन्याहून पिवळं. ऊन खाऊन लेन्स तापते आणि फोकस सरकतो, म्हणून अधूनमधून परत बघा. सूर्य दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाइतका सरकतो, तेव्हा फ्रेमही सारखी करत राहावी लागते. स्पर्श ते मोक्ष (ग्रहण लागल्यापासून सुटेपर्यंत) दर पाच मिनिटांनी एक फोटो, सेटिंग तेच, मग नंतर सगळे एका ओळीत जोडता येतात.

कवडसा
लेकीसाठी माझ्याकडे भारी काम आहे. छोटा आरसा घ्या, त्यावर कागद चिकटवा, मध्ये ५ मिमीचं भोक ठेवा. आरसा उन्हात ठेवून कवडसा अंधाऱ्या खोलीतल्या भिंतीवर पाडा. भिंत १० मीटर लांब असली तर ९ सेंटिमीटरचा सूर्य दिसतो, आणि एक बाजू हळूहळू कुरतडली जाताना सगळ्या घराला एकदम बघता येते. भोक चौकोनी कापलं तरी लांबवर चित्र गोलच येतं, हे तिला आधी ओळखायला सांगा, मजा येते. फक्त आरशात कोणी डोकवायचं नाही. मला विचाराल तर टेलिफोटोपेक्षा हाच प्रकार जास्त आवडतो, फोनने भिंतीचा फोटोही साधा सरळ येतो, फिल्टरची कटकट नाही.

झाडाखालीही बघा, पानांच्या फटींतून जमिनीवर शेकडो कोरी पडलेल्या असतात.

पायवाट
बाप रे, बरं झालं विचारलं! फिल्म मागवतोय. एक शंका, आमच्याकडे ५० टक्के ग्रहण लिहिलंय, म्हणजे अंधार वगैरे पडेल का?

सेन्सरवरची_धूळ
अजिबात नाही. आधी ते ५० टक्के कशाचे ते बघा. व्यासाचा अर्धा भाग झाकला जाणार असेल तर क्षेत्रफळ जेमतेम ३९ टक्केच झाकलं जातं. माहीत नसेल तर ग्रहण चालू आहे हे कळणारही नाही, डोळा तेवढा फरक सहज सांभाळून घेतो. म्हणूनच चष्मा न लावता "जरा बघू" म्हणणारे असतात, लेकीला तेवढं बजावून ठेवा.