वाचन कट्टा, या महिन्याचं पुस्तक: कोसला (भालचंद्र नेमाडे यांची कादंबरी)

बी-२०३ वहिनी:
रविवारी गच्चीवर भरीत-पुरीच्या गडबडीत मला धड बोलताच आलं नाही, म्हणून इथे लिहिते. आवडलं का, असं एका शब्दात विचाराल तर मला सांगता येत नाही. पुण्याचं हॉस्टेल, मेस, गॅदरिंग हे सगळं मी ओढत ओढत वाचलं. दोनदा मिटून ठेवलं. आणि मग मनीचा भाग आला. कादंबरीचा नायक पांडुरंग, त्याची धाकटी बहीण देवीच्या रोगाने जाते, ती पानं ओट्याशी उभ्यानेच वाचली. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, वरण खाली लागलं.

ए-१०४ काका:
मी पांडुरंगाच्या सारख्या 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे'लाच वैतागलो. १९६३ साली पुस्तक आलं तेव्हा नवं वाटलं असेल, आज डोकं भणभणतं. आणि वडिलांना किती घालूनपाडून बोलतो तो! आमचे वडील रावेरकडे केळी लावायचे. वादळात अख्खी बाग आडवी झाली, त्या वर्षीसुद्धा माझी फी वेळेवर आली होती. पैसे कुठून आणले हे मी कधी विचारलं नाही.

सी-३०१ (इंजिनिअरिंगवाली):
काका, वडिलांबद्दलचं पटलं. पण 'वगैरे' काढलं तर पांडुरंग उरतच नाही. खरं बोलायची वेळ आली की तो 'वगैरे' म्हणून बाजूला होतो. पुण्यात पहिल्या वर्षी घरून फोन आला की मीही 'जेवण वगैरे ठीक आहे' म्हणायचे, आणि दोन-दोन दिवस मेसमध्ये गेलेलीच नसायचे. मला तो हॉस्टेलचाच भाग सगळ्यात जवळचा वाटला.

ए-१०४ काका:
हे माझ्या लक्षात नव्हतं आलं बेटा. परत वाचतो ती पानं.

बी-२०३ वहिनी:
माझं अडलंय ते वेगळंच आहे. मनीची पानं मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवली. त्यांचं माहेर यावल तालुक्यातलंच, नेमाड्यांची सांगवीही त्याच तालुक्यातली. सासूबाईंच्या दोन्ही गालांवर देवीचे वण आहेत, तुम्ही पाहिलेच असतील. ऐकता ऐकता त्या बोलायला लागल्या. दाराला निंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद, कढई पालथी. दोघी बहिणींना एकाच वेळी देवी आल्या, धाकटी गेली आणि या वाचल्या. लग्नाला २६ वर्षं झाली माझ्या, हे मला आज कळलं. देशातला देवीचा शेवटचा रोगी १९७५ चा, एवढी एक ओळ आपण कधीतरी पाठ केली होती.

मग त्यांनी एकच विचारलं, "तिच्या मायचं काय झालं मंग?" मी पुढची पानं उलटसुलट चाळली. भावाचं दुःख आहे, त्याने मला रडवलं, खोटं कशाला बोलू. पण मायचं मला तेवढं सापडलं नाही.

डी-२०१ सर:
वहिनी, पुस्तक पांडुरंगाच्या तोंडचं आहे. तो पंचविशीचा, आणि पुस्तक आलं तेव्हा नेमाडेही पंचविशीचेच. त्या वयात स्वतःच्या दुःखापलीकडे आई कितीशी दिसते? मला तर तो त्याचा खरेपणा वाटतो. माझी बहीण गेली तेव्हा मी १९ वर्षांचा होतो. आई त्या दिवसांत काय करत होती, हे मला आज आठवत नाही. आपल्या बाजूच्या लेखकाला ज्ञानपीठ मिळालं म्हणून मी बाजू घेत नाहीये.

बी-२०३ वहिनी:
सर, तुमचं वाचून थांबलेच. तुमचं म्हणणं कळतं, आणि तरी मला माय हवी होती. दोन्ही खरं आहे.

सी-३०१ (इंजिनिअरिंगवाली):
काकू, पुढच्या रविवारी आजींनाच बोलवूया का? त्यांच्या आईबद्दल त्यांच्याकडून ऐकायचंय.

ए-१०४ काका:
त्यांचे गुडघे दुखतात, गच्चीचा जिना नको. खाली पार्किंगमध्ये खुर्च्या टाकू.

बी-२०३ वहिनी:
विचारलं आत्ता. म्हणाल्या, "येते, पण ते पुस्तक आणा, पोरीचा भाग अजून एकदा वाचा." मग खाली कशाला, आमच्याकडेच या सगळे, चार वाजता. चहा मी करते.