ताबा आईकडे, नोकरी पुण्यात: लेकराला नेण्याआधी कोर्टाची परवानगी सक्तीची हवी का?

वणीकर: यवतमाळ जिल्ह्यातली नेहमीची गत. घटस्फोटात लेकराचा ताबा आईकडे, बापाला ठरल्या दिवशी कोर्टात भेट. पुढं आईला पुण्यात नोकरी लागते. माझं म्हणणं, अर्ज आधी, सामान नंतर. पालक आणि पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम २६ प्रमाणे कोर्टानं नेमलेल्या पालकाला परवानगीशिवाय पाल्य त्या कोर्टाच्या हद्दीबाहेर नेता येत नाही. ताब्याच्या प्रत्येक आदेशाला हाच नियम लागावा.

तूरदाणा: साफ अमान्य. ते कलम नेमलेल्या किंवा घोषित पालकापुरतं आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली ताबा मिळालेली आई त्यात आपोआप बसत नाही. (आकडा एकच, म्हणून नोटिशीत घोळ होतो.) आदेशात जिल्हा सोडू नये असं नसेल, तर बंदी आणता कुठून? विक्रम वीर वोहरा खटल्यात (२०१०) सर्वोच्च न्यायालयानं आईला मुलासह ऑस्ट्रेलियाला जाऊ दिलं. आणि मारहाणीतून सुटलेल्या बाईनं नवा पत्ता आधी कळवायचा?

वणीकर: त्या खटल्यात आईनं भेटीच्या अटी बदलायचा अर्ज केला होता, ते सोडू नका. न सांगता गेलं की भेटीच्या दिवशी बाप कोर्टात बसून राहतो आणि 'मूल आणले नाही' अशी नोंद होते. अशा दोन-तीन नोंदींवर बाप ताबा बदलायचा अर्ज करतो. मग आईच रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसून तारखेवर येते. मारहाण असेल तर पत्ता बापाला देऊ नये, अशी विनंती त्याच अर्जात करावी.

कोर्टपायरी: अर्जाला नेमणूकपत्र, भाडेकरार, शाळाप्रवेशाची पावती जोडा. आई कामावर असताना लेकरू कोणाजवळ राहील तेही लिहा. पण अर्ज तरतो भेटीच्या नव्या तक्त्यावर. 'उन्हाळी सुट्टीत भेट' असं मोघम लिहू नका. पुण्यातली शाळा जूनच्या मध्याला उघडते, आपल्याकडची उन्हामुळं महिनाअखेरीस. बाप इथल्या हिशोबानं लेकरू ठेवतो आणि तिकडे शाळा बुडते. तारखा लेकराच्या शाळेच्या धरा. कोण पोचवणार, कुठं, किती वाजता, तिकीट कोणाचं, सगळं लिहा. जूनमध्ये पेरणी, दिवाळीला कापसाची वेचणी. शेतकरी बापाला मोकळीक एप्रिल-मेमध्येच, म्हणून त्यानं मे महिना सलग मागावा. फोनचंही लिहा: सर्वोच्च न्यायालयाच्या यशिता साहू निकालात (२०२०) लेकराशी रोज ५ ते १० मिनिटं बोलण्याचा हक्क मानला आहे.

टीसीवरून (शाळा सोडल्याचा दाखला) अडवाअडवी करू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे आठवीपर्यंत सरकारी-अनुदानित शाळेत जायचं असेल तर मुख्याध्यापकानं दाखला लगेच द्यायचा असतो. मात्र दाखला म्हणजे कोर्टाची परवानगी नव्हे.

तूरदाणा: तक्ता मान्य, सक्ती नाही. आईनं तीस दिवस आधी लेखी कळवावं. आक्षेप असेल त्यानं कोर्टात जावं.

वणीकर: पेरणीच्या तोंडावर नोटीस आली तर तीस दिवसांत वकिलाचे पैसे बाप आणणार कुठून? त्याचा अर्ज सुनावणीला येईस्तोवर लेकरू नव्या शाळेत रुळतं, आणि मग 'आता हलवू नका' हेच त्याच्या विरोधात जातं.