यलोस्टोन, नेवाडाचा लांब पट्टा आणि मागच्या सीटवरचे तिघे

प्रेषक: मेधा, फ्रीमाँट
विषय: जूनमध्ये गाडीने यलोस्टोन, मुलांना कसं रमवायचं?

नमस्कार मंडळी,

शाळा सुटल्या की आम्ही गाडीने यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाला निघतोय. कॅलिफोर्नियातून आय-८० महामार्ग धरून रीनो, एल्को, सॉल्ट लेक सिटी, तिथून आय-१५ ने आयडाहो फॉल्स आणि मग वेस्ट यलोस्टोन. पहिला मुक्काम एल्को, दुसरा सॉल्ट लेकच्या पुढे कुठेतरी. गाडीत आम्ही दोघं, पुण्याहून आलेल्या सासूबाई आणि तीन मुलं. धाकटा सहा वर्षांचा, त्याला घाटात उलटी होते. मधली दहाची, चौथीत आहे, तिचं "अजून किती?" घरासमोरच्या सिग्नललाच सुरू होतं. थोरला पंधराचा. तो कानात इअरफोन घालून बसतो आणि काहीही विचारलं तरी "काही नाही" म्हणतो.

आयपॅड दोन, मुलं तीन. शिवाय मला ते दोन्ही आयपॅड नऊ-दहा तास चालू नको आहेत. नेवाडाचा पट्टा कसा काढायचा ते सांगा.

हॉटेलं बुक झाली आहेत. "विमानाने जा" हा सल्ला कृपया नको, त्यावर मागच्या उन्हाळ्यात पुरेशी भांडणं झाली आहेत.

मेधा


प्रेषक: निखिल, सनीव्हेल

मेधा, नेवाडाला लोक उगाच नावं ठेवतात. तो रस्ता वाचायचा कसा हे मुलांना कोणी सांगत नाही, एवढंच.

"अजून किती?" याचं उत्तर तुम्ही देऊच नका, मधलीला काढू दे. आय-८० वरचे एक्झिटचे आकडे म्हणजे राज्याच्या पश्चिम सीमेपासूनचे मैल. नेवाडात शिरताना आकडा एक-दोन असतो, बाहेर पडताना वेस्ट वेंडोव्हरला ४१०. पाटी दिसली की वजाबाकी, मग वेगाने भागाकार. वही-पेन्सिल तिच्याकडे, फोनचा नकाशा बंद. यूटात शिरलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. एक गंमत मात्र तिला आधी सांगू नका. वेस्ट वेंडोव्हर नेवाडात असूनही तिथलं घड्याळ यूटाचं, १९९९ पासून अधिकृतपणे माउंटन टाइम. तिचा हिशेब तिथे बरोबर एक तासाने फसेल. का फसला ते शोधण्यात बराच रस्ता जातो.

त्याआधी घरापासूनच सुरुवात करता येईल. सम आकड्याचे इंटरस्टेट महामार्ग पूर्व-पश्चिम, विषम आकड्याचे उत्तर-दक्षिण. सम आकडे दक्षिणेकडून उत्तरेकडे वाढतात, विषम पश्चिमेकडून पूर्वेकडे. तुमच्या दारातल्या ८८० आणि ६८० या महामार्गांत शेवटी ८० का, हे मुलांना एकदा विचारून बघा.

थोरल्याला डॉनर पार्टी द्या. १८४६ साली इलिनॉयहून कॅलिफोर्नियाला निघालेली बैलगाड्यांची ही तुकडी. सिएरा नेवाडा पर्वत ओलांडण्याआधीच बर्फ पडला आणि आज ज्याला डॉनर लेक म्हणतात तिथे ती अख्खा हिवाळा अडकली. सत्त्याऐंशी जणांपैकी निम्म्याहून थोडेच अधिक वाचले. तिथल्या ट्रकी गावच्या स्टेट पार्कात स्मारक आहे. त्याचा चौथरा २२ फूट उंच आहे, कारण त्या वर्षी बर्फ तेवढा चढला होता असं सांगतात. धाकट्याला त्याच्या पायथ्याशी उभं करा, मग "बर्फ किती" हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता खरी मजा. ते लोक पूर्वेकडून आले, तुम्ही पश्चिमेकडून जाताय. म्हणजे गोष्टीचा शेवट तुम्हाला पहिल्याच दिवशी भेटतो आणि कारण दुसऱ्या दिवशी. ट्रकीत फक्त प्रश्न टाकायचा, ही माणसं इतक्या उशिरा इथे का पोचली? एल्कोच्या अलीकडे एक्झिट २९२ ला कॅलिफोर्निया ट्रेलचं माहिती केंद्र आहे, प्रवेश फुकट. ज्या 'जवळच्या वाटे'ने डॉनर मंडळी आली, तो हेस्टिंग्ज कटऑफ त्याच भागात मूळ वाटेला येऊन मिळत असे. जवळची म्हणून घेतलेली वाट लांबची निघाली. आणि दुसऱ्या दिवशी वेंडोव्हर ओलांडलं की बॉनव्हिलचं मिठाचं मैदान लागतं. चाळीस मैलांचं म्हणून सांगितलेलं वाळवंट ऐंशी मैलांचं निघालं, तहानेने बैल उधळले, गाड्या तिथेच टाकाव्या लागल्या. महामार्गालगतच थांबायची जागा आहे, उतरून त्या मिठावर चालता येतं. पुस्तकात हे सगळं सरळ क्रमाने येतं आणि पोरं जांभया देतात. उलट्या क्रमाने तो तपास होतो.

उपासमारीत पुढे काय झालं तो भाग धाकट्यासमोर गाळायला सांगा. थोरला नेमका तोच आधी शोधून ठेवणार हे गृहीत धरा.

निखिल


प्रेषक: अपर्णा, सॅन होजे

मेधा, उलटीचं आधी बघ, बाकी सगळं नंतर. ऑबर्नपासून ट्रकीपर्यंत चढ आणि वळणं आहेत, तेवढ्या वेळात धाकट्याच्या हातात आयपॅड किंवा पुस्तक काहीही नको. डोळे स्थिर पडद्यावर आणि कानातला तोल सांगतोय की आपण हलतोय, या ओढाताणीतूनच मळमळ सुरू होते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास सगळ्यात जास्त. त्याची सीट मधे लावता आली तर लाव, म्हणजे समोरच्या काचेतून लांबचा रस्ता दिसेल. पोट तुडुंब नको आणि रिकामंही नको. आम्ही आलेपाकाची वडी देतो, मुलं आवडीने खातात, निदान नुकसान नाही. गोळी द्यायची असेल तर वजनाप्रमाणे डॉक्टरना विचारून, आणि निघायच्या आधी. मळमळायला लागल्यावर दिलेली गोळी बाहेरच येते.

घाटात गोष्टी ऐकवायच्या, दाखवायच्या नाहीत. पिशव्या डिकीत ठेवू नकोस, सीटच्या खिशात ठेव.

अपर्णा


प्रेषक: शलाका, प्लेझंटन

निखिल, तू प्रवासाला निघालास की शिकवणी घ्यायला? डॉनर पार्टी भारी आहे, मान्य. पण माझ्या घरात सोळा वर्षांची मुलगी आहे. तुझा मेल तिला वाचून दाखवला तर म्हणाली, "हे सांगताना बाबांसारखा आवाज काढला नाही तर ऐकेन."

मेधा, थोरल्याला रमवायचं मनातूनच काढून टाक. त्याला तिथे यायचंय का, हे कोणी विचारलेलं नसतं. मित्र मागे राहिलेले असतात, बाजूला धाकट्याचा सांडलेला चिवडा, आणि बंद डब्यात आई-बाप. इअरफोन ही त्याची खोली आहे. सकाळचे दोन-अडीच तास ते दार वाजवू नकोस. "बघ, बघ, किती छान डोंगर!" हेसुद्धा दार वाजवणंच. आमच्याकडे असं ठरवून दिल्यापासून जेवणानंतर तीच आपणहून बोलायला लागते, बहुतेक वेळा तक्रारच असते, पण बोलते.

आणि त्याला लुटुपुटूचं काम देऊ नकोस. "तू आमचा नॅव्हिगेटर" म्हणायचं आणि पुढे नवऱ्याने फोन लावून बसायचं, हे मुलांना लगेच कळतं. त्याने केलं नाही तर खरंच अडेल असं काम दे. एल्कोचं रात्रीचं जेवण त्याच्यावर सोड. तिथे मेंढपाळ म्हणून आलेल्या बास्क (स्पेन-फ्रान्स सीमेवरच्या) लोकांची जुनी वस्ती आहे, त्यांच्या खानावळींत लांब टेबलावर सगळ्यांना एकत्र वाढतात. पदार्थ बहुतेक मांसाचे. आजींना त्यात काय चालेल ते त्याने फोन करून विचारायचं, पैशांची मर्यादा सांभाळायची आणि ठरवायचं. वाईट निघालं तरी त्या रात्री तिथेच जेवायचं आणि चेहरे नीट ठेवायचे. ही अट तुम्हा दोघांसाठी आहे.

ओल्ड फेथफुल, म्हणजे यलोस्टोनमधला ठरावीक अंतराने उडणारा गरम पाण्याचा फवारा, तिथेही त्याच्याकडे स्टॉपवॉच दे. उद्रेक अडीच मिनिटांहून लांबला तर पुढचा साधारण दीड तासाने, लवकर आटपला तर तासाभराने, दहाएक मिनिटं इकडेतिकडे. पार्कचे रेंजर पुढच्या उद्रेकाची अंदाजे वेळ जाहीर करतातच, पण याने आपला अंदाज आधी सांगायचा. आमच्याकडे यावर आईस्क्रीमची पैज लागली होती.

त्याच्याकडे लर्नर्स परमिट असेल तर एक सावधगिरी. कॅलिफोर्नियाचं परमिट दुसऱ्या राज्यात चालेलच असं नाही, प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. सीमेपलीकडे स्टिअरिंग देण्याआधी नियम बघा, विम्याच्या कंपनीलाही विचारा.

पार्कात फोनला रेंज फार थोड्या ठिकाणी आहे. गाणी, नकाशे सगळं घरून उतरवून घ्या. हे थोरल्याला आधीच सांगा, तिथे गेल्यावर नाही.

शलाका


प्रेषक: निखिल, सनीव्हेल

आवाजाबद्दलची सूचना आमच्या मुलानेही केली आहे. नोंद घेतली.

निखिल


प्रेषक: दत्ताकाका, सध्या मुक्काम डब्लिन (कॅलिफोर्निया), मुलीकडे

सर्वांस नमस्कार. मी संगमेश्वर तालुक्यात अनेक वर्षे भूगोल शिकवला, त्यामुळे राहवत नाही म्हणून लिहितो.

चि. मेधा, तुमच्या सासूबाई गाडीत आहेत हे तुम्ही सामानाच्या यादीत लिहिल्यासारखे लिहिले आहे. त्यांना मुलांच्या मधे बसवा. आमच्या पिढीकडे कोडी असतात. "बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे." "पाटीलबुवा रामराम, दाढीमिशा लांब लांब." पहिल्याचे उत्तर जीभ, दुसऱ्याचे कणीस. माझी इथली नातवंडे मराठी समजतात पण बोलायला कचरतात. कोडे सोडवायचे असले की मात्र "चिरा म्हणजे काय?" हे मराठीतच विचारतात, कारण मी इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नाला ऐकू येत नसल्याचे सोंग करतो. भेंड्याही लावा, पण मुलांना त्यांची इंग्रजी गाणी चालतील अशी सूट द्या. नाहीतर दोन फेऱ्यांत मोठीच माणसे गात बसतात.

थोरल्या मुलाला एक गोष्ट माझ्याकडून सांगा, आवाज कसाही काढा. आयडाहोत तुम्ही स्नेक नदीच्या मैदानातून जाल. तिथला काळा दगड लाव्हाचा आहे. यलोस्टोनखाली जो उष्ण स्रोत आहे त्याच्यावरून जमिनीचे कवच सरकत गेले, त्याची ही मागे राहिलेली वाट. आपला सह्याद्रीचा काळा पाषाणही लाव्हाचाच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि बहुतेक भूशास्त्रज्ञ तो आज रियुनियन बेटाखाली असलेल्या उष्ण स्रोताशी जोडतात. सासूबाईंनी बोरघाटात खिडकीतून पाहिलेले कड्यांचे थर आणि नातू आयडाहोत पाहील ते खडक, दोन्हींची जात एक. त्या दोघांना एकमेकांना फोटो दाखवू द्या.

आमच्याकडे मुंबई-गोवा रस्त्यावर आरवली आणि तुरळला गरम पाण्याची कुंडे आहेत, लोक त्यात स्नान करतात. सासूबाईंना आणि धाकट्याला निक्षून सांगा की यलोस्टोनचे पाणी त्यातले नव्हे. ओल्ड फेथफुलच्या उंचीवर पाणी साधारण ९३ अंश सेल्सियसला उकळते, आणि तिथली कित्येक कुंडे त्याच्या जवळपास असतात. लाकडी वाटेवरून पाय खाली नको. लहान मुलाचा हात धरूनच चालावे.

आपला,
दत्ताकाका


प्रेषक: केदार, मिलपिटास

गणपतीच्या नाटकाच्या तालमीची तारीख ठरली का?


प्रेषक: लिस्ट संयोजक

केदार, नवीन विषय नवीन मेलमध्ये टाका, ही विनंती परत परत करतोय.


प्रेषक: अपर्णा, सॅन होजे

राहिलेलं थोडं. मधली चौथीत आहे ना? चौथीच्या मुलांना 'एव्हरी किड आउटडोअर्स'चा पास मिळतो, त्यावर तुम्हा सगळ्यांची गाडी राष्ट्रीय उद्यानांत फुकट जाते. चौथीचं वर्ष संपल्यावरच्या ३१ ऑगस्टपर्यंत तो चालतो. संकेतस्थळावर तिने स्वतः छोटासा उपक्रम पूर्ण करायचा आणि पास छापून न्यायचा. प्रवेशद्वारावर तो कागद तिलाच खिडकीतून देऊ दे, भाव खाते बघ.

धाकट्या दोघांसाठी ज्युनियर रेंजरची पुस्तिका पहिल्याच व्हिजिटर सेंटरला घ्या, शेवटच्या दिवशी नाही. भरून दिली की रेंजर तपासतात, शपथ देतात, बिल्ला मिळतो. त्यातच प्राण्यांपासूनचं अंतर येतं, अस्वल, लांडगा आणि कूगर (डोंगरी सिंह) १०० यार्ड, गवा (बायसन) धरून बाकीचे मोठे प्राणी २५. माझ्या पोराने ते वाचल्यावर माझ्याच नवऱ्याला गव्याचा फोटो काढताना मागे ओढलं. आम्ही सांगून तो थांबला नसता.

खाण्याचं म्हणशील तर दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, खाकरे. चिवडा नको, शलाकाने कारण लिहिलंच आहे. आणि परत येताना ट्रकीला कॅलिफोर्नियाची शेतमाल तपासणी लागते, उरलेली फळं त्याच्या आधी संपवा.

अपर्णा


प्रेषक: मेधा, फ्रीमाँट

सगळ्यांचे खूप आभार. काका, सामानाच्या यादीबद्दलचा टोमणा पोचला. तुमचा मेल सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी तिथल्या तिथे "सूपभर लाह्या, त्यात एक रुपया" घातलं आणि मधलीला चंद्र-चांदण्या यायला दोन दिवस लागले. त्या मधेच बसणार आहेत. मग धाकट्याची सीट मधे कशी लावायची, हा नवा पेच. बहुधा तिसऱ्या रांगेत थोरला एकटा जाईल. त्याला हे सांगितल्यावर पहिल्यांदा त्याने या प्रवासाबद्दल आनंद दाखवला.

एल्कोचं जेवण त्याने घेतलंय. अट अशी घातली की खानावळीचं नाव आम्हाला दारात पोचेपर्यंत सांगणार नाही. सासूबाईंनी मेतकुटाची पुडी पर्समध्ये टाकली आहे.

डॉनरची गोष्ट उलटी सांगायचं मी त्याला म्हटलं. "मला माहीत आहे ती, चौथीत झाली होती," म्हणाला. पण तपास म्हणून सांगायची तर तो मधलीला प्रश्न घालणार आहे, निखिलला नाही.

आता फक्त एक. तिसरी रांग उघडी ठेवली तर डिकी उरत नाही. छतावर लावायची पेटी कोणाकडे आहे का? दोन आठवड्यांसाठी हवी आहे.

मेधा


प्रेषक: शलाका, प्लेझंटन

आमच्याकडे आहे. शनिवारी दुपारनंतर ये, किल्ली शोधून ठेवते. आडवे दांडे तुमच्या गाडीला आहेत का ते आधी बघ, नाहीतर ते वेगळे आणावे लागतील.