थंडीतल्या पहाटेच्या शूटसाठी मेकअप: सल्ला आणि बघण्यासारखे फोटो सुचवा

काजळरेघ:
नमस्कार मंडळी. मी नाशिकला असते, चार वर्षं नवरीचे मेकअप करते आहे. लग्नाच्या कामात हात बसलाय, पण आता जे काम घेतलंय ते वेगळं आहे आणि मला ते मनापासून चांगलं करायचंय. एक फोटोग्राफर मैत्रीण, एक कपडे शिवणारी मैत्रीण आणि मी, अशा तिघींनी पोर्टफोलिओसाठी शूट ठरवलंय. जानेवारीचा दुसरा आठवडा, गंगापूर धरणाचं बॅकवॉटर, उजाडायच्या आधीपासून साडेआठपर्यंत. पाण्यावर धुकं असतं, तेच आम्हाला हवंय. मॉडेल ओळखीतलीच, कॉलेजात शिकणारी मुलगी आहे. सावळी, गालाची हाडं ठळक, डोळे मोठे.

गेल्या डिसेंबरात असंच एक बाहेरचं काम केलं होतं आणि माझा बेस, म्हणजे फाउंडेशनचा थर, फाटला. नाकाच्या कडेला आणि ओठांच्या कोपऱ्यांत पावडर अडकून बसली, तासाभरात त्वचा पांढुरकी दिसायला लागली, वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येऊन लायनर खाली उतरला. तेव्हापासून मनात धास्ती आहे.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, इतक्या कोरड्या थंडीत त्वचेची तयारी कशी करता? दोन, थंडीचा भाव असलेले, मेकअप शिकता येईल असे फॅशनचे फोटो कोणते बघू? इन्स्टावर शोधलं की सगळीकडे गोऱ्यापान मुली, लाल नाक आणि खोटा बर्फ. ते हिच्या चेहऱ्यावर कसं आणायचं हेच कळत नाही.

रिळातलाउजेड:
मी फोटोग्राफीच्या बाजूने सांगतो, मेकअपमधलं मला फार कळत नाही.

सगळ्यात आधी व्होग या अमेरिकन फॅशन मासिकाचं जानेवारी १९५० चं मुखपृष्ठ शोधा. फोटोग्राफर अर्विन ब्लूमेनफेल्ड, मॉडेल जीन पॅचेट. त्यात चेहरा जवळजवळ नाहीच. एक डोळा, त्यावरची भुवई, लाल ओठ आणि ओठाजवळचा तीळ, एवढंच उरलंय. नाकसुद्धा पांढऱ्यात विरून गेलंय. मूळ फोटो कृष्णधवल होता, रंग नंतर चढवले. मी ते चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ पान उलटवलं नव्हतं. डोळ्याच्या वरच्या कडेची ती काळी, बाहेर ओढलेली रेघ नीट बघा. तुमचं नावच काजळरेघ आहे, तुम्हाला ती आवडणार.

आता तुमच्या कामाचा मुद्दा. ब्लूमेनफेल्डने गोरा चेहरा पांढऱ्या कागदात विरघळवला. तुमच्याकडे उलटं आहे आणि माझ्या मते ते जास्त देखणं आहे. पांढरा कागद म्हणजे धुकं. त्यात सावळा चेहरा हाच चित्रातला सर्वांत गडद, सर्वांत ठाम भाग होणार. म्हणून हात जोडून विनंती, तिला एक शेडसुद्धा उजळवू नका. उजळवलंत तर चेहरा आणि धुकं एक होईल आणि फोटोत बघायला काहीच राहणार नाही.

दुसरं, फोटोग्राफर अर्व्हिंग पेनने १९५० मध्ये पॅरिसला काढलेले फॅशनचे फोटो. दिवसाच्या उजेडातला स्टुडिओ आणि मागे नाटकाचा जुना पडदा, बस्स. तुमच्या पहाटेसारखाच सावलीचा मऊ उजेड. भुवई आणि ओठ गडद, त्वचा मात्र त्वचेसारखीच.

तिसरं, फोटोग्राफर रिचर्ड ॲव्हेडनने १९६६ मध्ये अमेरिकन व्होगसाठी जपानच्या बर्फात व्हेरुश्का या मॉडेलला घेऊन केलेलं काम. थंडीचं शूट म्हटलं की मला तेच आठवतं. अंगभर फर, डोकं झाकलेलं, मधे छोटासा चेहरा. फर आपल्याला नको, पण अंगावर भरपूर गुंडाळून चेहरा तेवढा उघडा ठेवायचा, ही युक्ती घेण्यासारखी आहे.

आणि आपल्याकडचे दोघे विसरू नका. गौतम राजाध्यक्ष यांनी काढलेली नटनट्यांची पोर्ट्रेट्स बघा, चेहऱ्यावर प्रकाश किती हळुवार ठेवता येतो ते कळेल. आणि प्रबुद्ध दासगुप्ता यांचं कृष्णधवल काम बघा, भारतीय त्वचेवर सावली कशी दिसते त्यासाठी.

हिरकणी_७:
फरऐवजी घोंगडी! काळी धनगरी घोंगडी डोक्यावरून घ्या, कडेचे दोरे दिसू देत. धुक्यात फार सुरेख दिसेल.

मुठेल:
माझ्या नावावरूनच कळेल मी काय सांगणार. आमच्याकडे सिंधुदुर्गात कोकमाच्या बियांचं तेल काढतात, थिजलं की त्याचा मुठीएवढा गोळा होतो, म्हणून मुठेल. गोव्यात भिरंडेल म्हणतात. फुटलेले ओठ आणि टाचा यांना आजीपासून आम्ही हेच लावत आलोय. मुलीला शूटच्या आधी चार-पाच रात्री ओठांना लावायला सांगा. थंडीत ते दगडासारखं कडक होतं, खरवडून तळहातावर चोळलं की अंगाच्या उबेने लगेच वितळतं.

फक्त एक लक्षात ठेवा, शूटच्या सकाळी चेहऱ्यावर नको. ते जाड बसतं, त्यावर फाउंडेशन सरकेल. रात्रीचंच औषध आहे ते.

बर्फातलीनागपूरकर:
कॅनडात एडमंटनला आहे, अकरावा हिवाळा. इथे उणे २५ ला ऑफिसला जाताना तोंडावर काय टिकतं हे चुका करत शिकले आहे, म्हणून लिहिते.

काजळरेघ, तुमचा बेस पावडरमुळे फाटला असं तुम्हाला वाटतंय, पण पावडर फक्त दाखवायचं काम करते. खाली त्वचेत पाणीच नसतं. कोरड्या हवेत त्वचेतलं पाणी सतत उडून जातं, वरचा थर आखडतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि पावडर तिथे जाऊन बसते. म्हणून कोरड्या त्वचेवर क्रीम थापून उपयोग नाही. चेहरा कोमट पाण्याने धुवायचा, कडकडीत गरम पाण्याने अजिबात नाही, आणि टॉवेलने टिपून अर्धवट ओला असतानाच ग्लिसरीन किंवा हायल्युरोनिक ॲसिड असलेलं काहीतरी लावायचं. ते पाणी धरून ठेवतं. पण त्यावर झाकण हवं, नाहीतर कोरडी हवा तेही ओढून घेते. झाकण म्हणजे घट्ट क्रीम. नाकाच्या कडा, ओठांचे कोपरे आणि गालांचे उंचवटे इथे व्हॅसलीनचा अगदी पुसट हात. मग पंधरा मिनिटं काही करायचं नाही. चहा प्या. त्यानंतर टिश्यूने हलकं दाबून वरचं तेल टिपा आणि मग बेसला हात लावा.

शूटच्या आदल्या दिवशी स्क्रब, फेशियल, थ्रेडिंग, ब्लीच काहीही नको. सोललेल्या त्वचेला थंड वारा झोंबतो. भुवया चार दिवस आधी करून घ्या.

गाडीत हीटर लावून मेकअप करणार असाल तर हवेची झडप चेहऱ्यावर धरू नका. त्या हवेने माझी त्वचा बाहेरच्या थंडीपेक्षा जास्त कोरडी पडते.

डोळ्यांच्या पाण्याचं: वारा लागला की पाणी येणारच, ते थांबत नाही. खालच्या पापणीला काहीच लावू नका. वर ट्यूबिंग मस्कारा लावा, तो पाण्याने ओघळत नाही, काढताना कोमट पाण्याने नळ्या-नळ्या होऊन निघतो. आतल्या कोपऱ्यात टिश्यूचं टोक धरून पाणी शोषून घ्या, पुसू नका.

रंगपेटी_दादर:
मी जाहिरातींच्या शूटवर मेकअप करते, बारा वर्षं झाली. वरचं सगळं पटलं, फक्त रिळातलाउजेड यांच्याशी एका बाबतीत माझं जमत नाही, ते शेवटी सांगते.

सावळ्या त्वचेला थंडी वाजली की ती लाल होत नाही, राखट होते. काजळरेघला पांढुरकी वाटली ती हीच. त्यात उजाडायच्या आधीचा उजेड निळा. निळा उजेड आणि राखट त्वचा एकत्र आले की चेहरा आजारी दिसतो. फाउंडेशनचा थर वाढवून हे जात नाही, आणखी ग्रे मारतं. ओठांभोवती आणि डोळ्यांखाली केशरी करेक्टर (राखट झाक मारणारं रंगीत क्रीम), तोही बोटाने दाबून, अगदी पातळ. त्यावर तिच्या मानेशी जुळणारा कन्सीलर जिथे लागेल तिथेच. बाकी त्वचा उघडी ठेव. खरंच उघडी. वीस वर्षांच्या मुलीची चांगली त्वचा आहे, क्रीमची ओल तिच्यावर छान चमकेल.

ब्लश क्रीमचाच. ते जे लाल नाकाचं फॅड आहे त्यातला फिका गुलाबी हिच्यावर खडूसारखा दिसेल. जांभूळ, गडद बेरी किंवा वीटकरी घे. गालाच्या हाडावर उंच लाव आणि नाकाच्या दांड्यावरून एकदाच बोट फिरव. वारा लागलेला चेहरा तेवढ्याने तयार होतो.

पावडर फक्त कपाळाच्या मध्यावर आणि नाकाच्या शेंड्याला. फोटोग्राफर मैत्रिणीला आजच विचार, ती फ्लॅश वापरणार आहे का? वापरणार असेल तर सिलिकावाली पांढरी एचडी पावडर घरी ठेव, आणि झिंक किंवा टायटॅनियमवालं सनस्क्रीनही आधी फ्लॅश मारून तपासून घे. डोळ्यांना काही दिसत नाही आणि फोटोत चेहरा पांढराफटक येतो.

आणखी एक, कारण हा प्रश्न मला हल्ली प्रत्येक मुलगी विचारते. जानेवारी २०२४ च्या मार्जिएला या फॅशन हाउसच्या पॅरिस शोमधली काचेसारखी त्वचा, मेकअप आर्टिस्ट पॅट मॅकग्राथने केलेली. चिनी मातीच्या बाहुल्यांसारखे चेहरे, मी स्वतः ते शंभरदा पाहिलेत, थक्क करणारं काम आहे. पण ती चमक क्रीमची नव्हती. सोलून काढायचे फेस मास्क डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून एअरब्रशने थरावर थर दिले होते आणि प्रत्येक थर वाळवला होता. सात-आठ डिग्रीत, धरणाच्या वाऱ्यात, हसणाऱ्या-बोलणाऱ्या मुलीवर हे करायला जाऊ नकोस. त्यातून घ्यायचंच असेल तर पातळ, रंगीत गाल आणि बारीक भुवईचा आकार घे.

आता वाद. उजेडभाऊ म्हणतात रेघ आणि ओठ, दोन्ही. मुखपृष्ठावर ते शोभतं कारण तिथे हलणारं काही नाही. बाहेर, वाऱ्यात, डोळ्यांत पाणी असताना पंखासारखा लायनर धरून बसलीस तर सगळी सकाळ दुरुस्तीत जाईल. माझं मत, ओठ पक्के करा, डोळ्याला फक्त वरच्या पापणीच्या मुळाशी काजळ भरा.

रिळातलाउजेड:
पटलं. रेघेचा मोह माझा होता. पण मग भुवई सोडू नका, चित्राला वरून कुठेतरी आधार हवा. आणि एक सोपी चाचणी: मेकअप झाला की मोबाइलवर एक फोटो काढून तो कृष्णधवल करा. रंग काढल्यावरही डोळे आणि ओठ दिसले तर धुक्यात दिसतील.

तिळगूळ_आई:
मेकअपचं मला काही येत नाही, पण त्या मुलीच्या आईच्या जागी बसून सांगते. तिला काकडायला लावू नका. दोन शॉटच्या मधे शाल, गरम पाण्याची पिशवी, पायांत मोजे. थर्मासमध्ये आल्याचा चहा. उपाशी आणू नका.

काजळरेघ:
तिळगूळ_आई, पिशवी आणि थर्मास दोन्ही यादीत घातलं. रंगपेटी_दादर, फ्लॅश नाहीये, फक्त पांढरा थर्माकोलचा रिफ्लेक्टर. तालीम म्हणून उद्या पहाटे गच्चीवर तिला बसवून सगळं करून बघते.

काजळरेघ:
झालं शूट! सगळ्यांचे मनापासून आभार, सविस्तर लिहिते.

ओल्या चेहऱ्यावर ग्लिसरीनचं सीरम, वर क्रीम, पंधरा मिनिटं थांबणं, हे तंतोतंत केलं. दोन तास बाहेर होतो, बेस कुठेही फाटला नाही. खरं तर बेस होताच कुठे, करेक्टर आणि चार ठिकाणी कन्सीलर. नवरीचा मेकअप करणाऱ्या बाईला एवढं कमी करून हात थांबवणं फार जड गेलं, दोनदा स्पंज उचलून खाली ठेवला.

तालमीत रेघ काढली होती, कारण मला राहवलं नाही. पाचव्या मिनिटाला वरच्या पापणीवर तिचा ठसा उमटला. शूटला मग काजळच भरलं. क्रीमचा ब्लश थंडीने इतका घट्ट झाला की बोटावर येईना, शेवटी डबी मुठीत धरून ठेवली. हे आधी कुणी सांगितलं नव्हतं म्हणून पुढच्यांसाठी लिहिते, क्रीमच्या डब्या स्वेटरच्या खिशात ठेवा.

धुकं आठपर्यंत टिकलं. हिरकणी_७, घोंगडी मामेबहिणीच्या सासरहून आणली. काळ्या लोकरीत तिचा चेहरा आणि मागे सगळं पांढरं, मॉनिटरवर पहिला फोटो आला तेव्हा आम्ही तिघी काही बोललोच नाही. तिच्या रंगाला आम्ही हात लावला नव्हता. तिने तो फोटो घरी आईला पाठवला.

चुकलं ते भुवईत. कृष्णधवल चाचणी मी घाईत केली. ओठ छान उठून दिसले म्हणून पुढे गेले, आणि लांबून काढलेल्या फोटोंत भुवया धुक्यात फिकट पडल्या. पुढच्या वेळी एक छटा गडद भरणार.

हिरकणी_७:
किती छान! ओठांचा रंग कोणता होता ते सांग ना.

काजळरेघ:
एक नाही गं, दोन. आधी चार रात्री मुठेल, सकाळी बाम लावून पुसून काढला. मग वीटकरी मॅट पूर्ण ओठांना, आणि ओठांच्या मध्यावर जांभूळ रंगाचा तोच क्रीम ब्लश, बोटाने थापून. कडा ब्रशने आखल्या नाहीत, बोटानेच पुसट ठेवल्या.