प्रिंटच्या पाठीवर शिक्का मारला आणि शाई आजींच्या गालावर उमटली

अर्धाशटर

नमस्कार मंडळी. मी लोकांच्या घरी जाऊन कुटुंबाची पोर्ट्रेट काढतो. आत्तापर्यंत नुसत्या फाइली द्यायचो, यंदा पहिल्यांदा प्रिंट हातात द्यायचे ठरवले. नाव, फोन नंबर आणि कॉपीराइटची ओळ असा एक शिक्का करून घेतला. दाबला की आपली आपण शाई लागते, त्यातला. ३६ प्रिंट होते, सगळे चकचकीत. उलटे मांडले, शिक्के मारले, पंधरा मिनिटं पंख्याखाली ठेवले आणि गठ्ठा करून खोक्यात भरले.

दुसऱ्या दिवशी, ज्यांना ते दिले त्या बाईंचा फोन. "अहो, आमच्या सासूबाईंच्या गालावर जांभळं काहीतरी आलंय." जाऊन बघतो तर माझाच फोन नंबर, आरशात दिसावा तसा उलटा! असे चार फोटो निघाले. ओल्या कापसाने पुसायला गेलो तर डाग आणखी पसरला. चारही नव्याने छापून दिले. बाई समजूतदार म्हणून निभावलं.

आता शिक्का हातात घ्यायची भीती वाटते. एक मित्र म्हणतो, पुढेच कोपऱ्यात नाव टाक, म्हणजे कोणी स्कॅन केलं तरी नाव सोबत जाईल. दुसरा म्हणतो, स्टिकर लाव. आणि मुळात लिहायचं काय? मी "सर्व हक्क राखीव" लिहिलं होतं, तर त्यांच्या मुलीने विचारलं, "मग हा भिंतीवर लावायचा की नाही?" जाणकारांनी सांगावं.

काळीखोली

शाईचा दोष नाही, कागद ओळखला नाहीत.

लॅबमधून येणारा रंगीत प्रिंट हा आरसी कागद असतो. मधे कागद, दोन्ही अंगांनी पॉलिथिनचा पातळ थर. तुमच्या शिक्क्यातली पाण्याची शाई ऑफिसच्या कागदासाठी असते. ती कागदात मुरते म्हणून वाळते. प्लास्टिकवर मुरणार कुठे? पंखा लावा नाहीतर उन्हात ठेवा, ती वर तशीच बसून राहते. गठ्ठा केला की तिला खालच्या फोटोचा चेहरा सापडतो, आणि तिथे असतं जिलेटिन, म्हणजे चित्र धरून ठेवणारा थर, ते मात्र रंग आनंदाने पिऊन घेतं. म्हणून पुसून गेला नाही. ओला कापूस लावलात म्हणजे जिलेटिन फुगवून रंगाला आणखी आत जायला वाट करून दिलीत. पुन्हा कधी असं झालं तर हात लावू नका, सरळ नवा प्रिंट काढा.

मी स्वतः लॅबमध्ये असताना याहून वाईट करून ठेवलंय, सगळं इथे सांगत नाही.

आरसीच्या पाठीवर लिहायचं तर प्लास्टिकवर चालणारा, पिगमेंट शाईचा बारीक टोकाचा पेन घ्या. शिक्काच हवा असेल तर सच्छिद्र नसलेल्या पृष्ठभागासाठी सॉल्व्हंटची शाई मिळते, तिचं पॅड वेगळं घ्यावं लागतं. ती मिनिटाभरात वाळल्यासारखी दिसते. विश्वास ठेवू नका. एका रद्दी प्रिंटवर शिक्का मारा, थोड्या वेळाने अंगठ्याने जोरात घासा. मग त्यावर दुसरा रद्दी प्रिंट चेहरा खाली करून ठेवा, वर दोन जाडजूड पुस्तकं, आणि रात्रभर विसरून जा. सकाळी चेहरा कोरा असेल तरच ग्राहकाच्या प्रिंटला हात लावायचा. कागद बदलला की ही परीक्षा पुन्हा.

फायबर कागदाचं वेगळं. त्याला प्लास्टिक नसतं, म्हणून पाठीवर मऊ पेन्सिल, २बी वगैरे, छान उठते आणि ती ना फुटते ना उडते. फक्त काचेसारख्या कडक जागेवर ठेवून, कडेला, हलक्या हाताने लिहा. बॉलपेन तर नकोच. मागून दाबलेली अक्षरं पुढे उठतात, आणि तिरक्या उजेडात चेहऱ्यावर आपलं नाव वाचता येतं.

स्टिकरबद्दल एकच सांगते: डिंक पिवळा पडतो, कडेने बाहेर येतो, आणि फोटो फोटोला चिकटतात. फोटोला लागून राहणाऱ्या वस्तू तपासायची आयएसओ १८९१६ नावाची चाचणी आहे. ती उत्तीर्ण झालेलं लेबल मिळालं तर लावा, नाहीतर नाद सोडा.

आणि सगळ्यात सोपं राहिलंच. तुमच्या लॅबला विचारा. बऱ्याच लॅबची मशीन छापतानाच पाठीवर एक-दोन ओळी टाकतात, फाइलचा नंबर बहुधा तिथेच येतो. तिथे तुमचं नाव टाकता येत असेल तर शिक्क्याची कटकटच संपली.

कागदवेडी

पुढच्या बाजूबद्दल मी बोलते, कारण मित्राचा सल्ला ऐकून मी दोन वर्षं तेच केलं. कोपऱ्यात छोटंसं नाव, पांढऱ्या अक्षरात. एका बाईंनी प्रिंट परत आणून दिला. त्यांचं म्हणणं, "यात माझ्या मुलाआधी तुमचं नाव दिसतं." खरंच दिसत होतं. आणि चोराला कोपरा कापायला कात्रीसुद्धा लागत नाही.

चित्रावरचा वॉटरमार्क नमुने दाखवताना ठीक. पैसे घेऊन दिलेल्या प्रिंटवर तो शोभत नाही.

पुढे काही हवंच असेल तर पांढरी किनार ठेवून छापा आणि किनारीवर उठावाचा शिक्का मारा, शाईशिवायचा. उजेडात तिरका धरला की दिसतो, एरवी गप्प. माउंट करून, म्हणजे पुठ्ठ्यावर बसवून, देत असाल तर सही माउंटवर, चित्राच्या खाली, पेन्सिलने. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स या प्रसिद्ध अमेरिकन फोटोग्राफरच्या प्रिंटमध्येही सही अशी माउंटवर पेन्सिलने आणि मागे स्टुडिओचा शिक्का, ही रीत दिसते. फक्त फ्रेम करणारा माउंट बदलतो तेव्हा सही त्याच्यासोबत जाते, म्हणून मागची नोंद हवीच.

तिसरी_ओळ

थोडं कायद्याचं, कारण शिक्का मारण्याआधी हक्क आपला आहे का हे बघायला हवं. इथे अनेकजण अडखळतात.

प्रिंटवर कॉपीराइटची खूण असली तरच हक्क, असं आता बहुतेक देशांत नाही. बर्न करार, म्हणजे कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार, १८८६ चा, आणि १९०८ च्या बर्लिन दुरुस्तीपासून त्यात नोंदणी किंवा खुणेची अट नाही. अमेरिका त्यात १ मार्च १९८९ ला आली, तोवर तिथे खूण विसरणं महागात पडू शकायचं. वर्तुळातला सी, नाव आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष हा साचा १९५२ च्या सार्वत्रिक कॉपीराइट करारातला. आपण अजून तोच वापरतो. कुठे प्रसिद्ध न झालेल्या घरगुती फोटोवर लोक काढल्याचं वर्ष घालतात.

पण मालक कोण? भारताच्या १९५७ च्या कायद्यात कलम १७ प्रमाणे, कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक तो सांगणारा असतो, वेगळा करार नसेल तर. कॅनडात २०१२ पर्यंत साधारण असंच होतं, मग हक्क फोटोग्राफरकडे आला. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्याने तो फोटोग्राफरला दिला, पण घरगुती कामासाठी फोटो काढून घेणाऱ्याला ते चारचौघांत न दाखवले जाण्याचा हक्कही त्याच कायद्याने दिला. तेव्हा अर्धाशटर, ऑर्डर घेताना दोन ओळींचा लेखी करार केला नसेल तर तुमचा शिक्का कदाचित खोटं बोलतोय.

अर्धाशटर

करार नाही. फोनवर "या रविवारी" एवढंच ठरतं. बाप रे.

काळीखोली

घाबरू नका, करार करा. पुढच्या ऑर्डरपासून.

मजकुराचं राहिलं होतं. १९व्या शतकातल्या स्टुडिओंची कार्डं बघा, जाड पुठ्ठ्यावर फोटो चिकटवलेली. कित्येकांच्या पाठीवर स्टुडिओचं नाव, गाव आणि "निगेटिव्ह जपून ठेवली आहे, केव्हाही प्रती मिळतील" अशा अर्थाची ओळ सापडते, निगेटिव्हचा नंबर हाताने लिहिलेला. धमकी कुठेच नाही, परत यायचा रस्ता सांगितलेला आहे. मॅग्नम ही फोटोग्राफरांची संस्था १९४७ मध्ये निघाली तीच मुळी हक्क फोटोग्राफरकडे राहावा म्हणून, आणि तिथल्याही प्रिंटच्या पाठी शिक्क्यांनी भरलेल्या असतात. आज संग्रहालयवाले फोटो कोणाचा, कधीचा, हे त्या पाठींवरूनच लावतात.

माझ्या पाठीवर तीन गोष्टी असतात: नाव आणि वर्ष, फाइलचा नंबर, आणि "घरच्यांसाठी प्रती काढायला हरकत नाही, कुठे प्रसिद्ध करायचा असेल तर आधी विचारा." फोन नंबर घालत नाही, तो बदलतो. ईमेल घालते.

फाइली देता तेव्हाही आयपीटीसीच्या, म्हणजे फाइलच्या आतच माहिती साठवणाऱ्या, रकान्यांत हेच भरून ठेवा. प्रिंट स्कॅन केला की ते हरवणारच, पण मूळ फाइल पुढे गेली तर पुष्कळदा टिकतं. समाजमाध्यमांवर टाकल्यावर मात्र भरवसा नाही.

अर्धाशटर

आठवड्याने परत आलोय. लॅबवाल्याला विचारलं तर म्हणतो, "पाठीवर नाव? तुम्ही कधी मागितलंच नाही की." आता तिथूनच छापून येतं, दोन ओळी, बारीक करड्या अक्षरांत. हक्क माझ्याकडे राहील असा करारही केला, सही घेतली, अर्ध्या पानाचा.

काळीखोलीताईंची पुस्तकाची परीक्षाही केली, मजा म्हणून. लॅबची ओळ उमटली नाही. जुना शिक्का मारलेला रद्दी प्रिंट पाच दिवस उघडा ठेवला होता, तोही दाबून पाहिला. सकाळी खालच्या फोटोवर पुन्हा माझा नंबर.